मार्तंड नाव ठेवायचं म्हटलं तर: अर्थ काय, अडचण काय, आणि ते खरंच किती रेअर आहे

आमच्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये बाळाचं नाव हल्ली आत्या कमी आणि मोबाईल जास्त ठरवतो, आणि त्यातून काय गोंधळ होतो ते नुकतंच आमच्या नात्यात बघायला मिळालं. रामबागेतलं घर, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, पहिला मुलगा, आणि बापाची हौस की नाव मार्तंड ठेवायचं. मल्हार नको म्हणे, मल्हार आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक आहे. इथपर्यंत ठीक होतं, पण मग बाळाच्या आईने नाव सर्च केलं आणि एका साइटवर आलं ‘सूर्य’, दुसरीवर ‘मृत अंड्यातून जन्मलेला’, तिसरीवर सरळ ‘मेलेलं अंडं’, आणि खाली पॉप्युलॅरिटी म्हणून पाचपैकी दीड स्टार. आजेसासूबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या म्हणाल्या की तान्ह्या पोराच्या नावात मेलेलं कशाला आणता. मग फोन माझ्याकडे, कारण मी कधीकाळी संस्कृत घेऊन एमए केलंय, आणि सुनबाईचा प्रश्न एकदम नेमका होता, "काका, दोन्हीतलं खरं कुठलं?"

तर ‘सूर्य’ आणि ‘मृत अंड्यातून जन्मलेला’, दोन्ही अर्थ खरे आहेत. आणि दोन्ही खरे असूनही नाव चांगलं आहे असं माझं मत आहे, ते का ते जरा नीट सांगतो.

आधी शब्द फोडू. मृत + अंड, त्याचं झालं मृताण्ड, आणि त्यावरून मार्ताण्ड. ‘मृ’चा ‘मार्’ कसा झाला असं वाटत असेल तर पार्थ आठवा, पृथेचा मुलगा तो पार्थ, मनूचा तो मानव, कुरूचा तो कौरव, संस्कृतात ‘त्याच्यापासून झालेला’ असं म्हणायचं असलं की पहिला स्वर असा ताणला जातो. म्हणजे मार्ताण्ड हा ‘मेलेलं अंडं’ नाहीच, फार तर ‘मृत अंडापासून झालेला’. त्या तिसऱ्या साइटने अर्धाच शब्द फोडला आणि हात झटकले. पुढे मधला ‘ता’ ऱ्हस्व झाला, मार्तण्ड, आणि मराठीत आपण अनुस्वार देऊन मार्तंड लिहितो. आणि अंड म्हणजे इथे छावणीच्या दुकानात डझनावर मिळतं ते नव्हे, अंड म्हणजे गर्भ, बीज, ज्यातून काहीतरी बाहेर यायचंय अशी गोष्ट. ब्रह्मांड या शब्दात तेच अंड आहे आणि तिथे कुणालाही आम्लेट आठवत नाही.

आता गोष्ट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 72 वं सूक्त आहे, त्यात अदितीला आठ मुलं झाली असं म्हटलंय. सात मुलांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठव्याला, मार्ताण्डाला, तिने टाकून दिलं. एवढंच असतं तर आजेसासूबाईंचं बरोबर होतं. पण त्याच्या लगेच पुढची ऋचा सांगते की त्याला तिने परत आणलं, जन्म आणि मृत्यू यांच्यासाठी परत आणलं. सूर्य रोज मावळतो आणि रोज उगवतो, त्याचं हे वर्णन आहे असं बरेच अभ्यासक समजतात, आणि मला तरी ते पटतं.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात हीच गोष्ट जास्त रंगवून येते. आठवं मूल जन्माला आलं ते हात नाही पाय नाही असं, जितकं उंच तितकंच रुंद, नुसता गोळा. मग आधीचे भाऊ, म्हणजे आदित्य, म्हणाले की आपल्या मागून जन्मलेलं हे वाया जायला नको, चला याला घडवूया. त्यांनी त्याला आकार दिला, जास्तीचं मांस काढून बाजूला टाकलं त्याचा हत्ती झाला (हत्ती असा का दिसतो याचं इतकं गोड कारण मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही), आणि जो घडला तो विवस्वान, सूर्य. त्या विवस्वानाचा मुलगा मनू, म्हणून तो वैवस्वत मनू, आणि आपण माणसं त्या मनूची. आता गंमत बघा, बारशाच्या दिवशी गुरुजी संकल्प सांगताना ‘वैवस्वत मन्वंतरे’ म्हणणारच आहेत, घरातल्या प्रत्येक पूजेत म्हणतात, म्हणजे तुम्ही नाव मार्तंड ठेवा नाहीतर विहान ठेवा, पाळण्याजवळ या आठव्या मुलाचा उल्लेख होणारच आहे.

तिसरी गोष्ट मार्कंडेय पुराणातली आणि घरात सांगायला सगळ्यात सोपी. अदिती गरोदर असताना कडक उपासतापास करत होती. कश्यप चिडून म्हणाले, अशी उपाशी राहून तू पोटातलं अंड मारते आहेस का? ती म्हणाली, मारलेलं नाहीये, बघा, आणि तिने गर्भ पुढे ठेवला तर तो तेजाने झळझळत होता. ‘मारितम् अण्डम्’, अंड मारलंस असं ज्याच्याबद्दल बोलले गेले तोच हा, म्हणून याचं नाव मार्तंड, असं पुराण म्हणतं. व्याकरणाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते पण पुराणकारांना तिथे व्याकरण शिकवायचं नव्हतंच, त्यांना या नावाकडे कसं बघायचं ते सांगायचं होतं. गेलं म्हणून सगळ्यांनी धरलं आणि ते जगलं, नुसतं जगलं नाही तर सूर्य झालं.

आणि हे आपल्याकडे नवीन आहे का? आपल्याच पणजोबांच्या पिढीतली नावं काढा. दगडू, धोंडू, भिकू, केरबा, उकिर्डा. ज्या घरी आधीची मुलं दगावली तिथे मुद्दाम असं नाव ठेवायचे की काळाचीही नजर लागू नये, दगडाला कोण नेणार, केराला कोण हात लावणार. त्या नावांमध्ये आईबापाचा जो जीव होता तो ‘सुंदर अर्थाची 500 नावं’ वाल्या लिस्टमध्ये मला दिसत नाही. मार्तंड हे त्याच जातीचं नाव आहे, फक्त वैदिक घराण्यातलं.

इथे एक मूळ मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण नावांच्या साइट तिथेच गंडतात. शब्द कशापासून बनला आणि शब्दाचा अर्थ काय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनला कशापासून हा इतिहास. अर्थ म्हणजे लोक तो शब्द कशासाठी वापरतात. अमरकोशात सूर्याच्या नावांची यादी आहे त्यात विकर्तन, अर्क, मार्तण्ड, मिहिर, अरुण, पूषन् असे एकाच ओळीत बसलेत, कोशकाराने तिथे थांबून ‘पण मार्तण्ड जरा जपून बरं का’ असं म्हटलेलं नाही. त्याच्या काळापर्यंत मार्तंड म्हणजे सूर्य हे पक्कं झालेलं होतं. व्युत्पत्तीवरच नाव नाकारायचं तर द्रोण म्हणजे भांडं, कर्ण म्हणजे कान, आणि सविता हा तर संस्कृतात पुल्लिंगी शब्द, सूर्यदेवाचं नाव, आणि आपल्याकडे सविताकाकू घरोघरी आहेत. मल्हारचंच बघा की, मल्हारी म्हणजे मल्ल + अरि, मल्ल नावाच्या दैत्याचा शत्रू, म्हणजे ज्या नावाच्या मागे सगळे लागलेत त्यात चक्क दैत्याचं नाव पुढे आहे आणि देव मागून येतो, पण कोणी आजी त्याला हरकत घेत नाही.

मराठी माणसाला मार्तंड शब्द भेटतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं पसायदान. शाळेत रोज म्हटलेलं असतं म्हणून लक्ष जात नाही, पण ‘चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन’. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी सन 1290, आणि तिच्या शेवटी ज्ञानेश्वर सज्जनांचं वर्णन करताना म्हणतात की ते असे सूर्य असोत ज्यांना दाह नाही. उजेड आहे पण भाजत नाही असा माणूस. मला विचाराल तर बापाने घरातल्यांना पटवायला ऋग्वेदापर्यंत जायची गरजच नव्हती, ही एक ओळ म्हणून दाखवायची होती.

दुसरं म्हणजे खंडोबा. मणी आणि मल्ल या दैत्यांनी उच्छाद मांडला तेव्हा शंकराने मार्तंड भैरवाचं रूप घेतलं अशी मल्हारी माहात्म्यातली कथा आहे, सोन्यासारखा पिवळा, सूर्यासारखा. म्हणून भंडारा पिवळा, म्हणून जेजुरी सोन्याची, आणि म्हणूनच खंडोबाचा वार रविवार. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करून तळी भरतो आणि ‘यळकोट यळकोट’ करतो तो हाच मार्तंड. इंदूरकरांना तर हे लांबचं नाहीच. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, सुभेदारांचंच नाव मल्हारराव, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, आणि होळकरांच्या बऱ्याच नाण्यांवर सूर्याचा चेहरा छापलेला असायचा, टाकसाळीचं नाव मल्हारनगर. पण खजुरी बाजारात खरेदीला गेलेल्यांपैकी कितीजण राजवाड्यात त्या देवासमोर जाऊन उभे राहतात ते विचारू नका.

आणि इथून तासा-दीड तासावर धार. भोज राजाने पतंजलीच्या योगसूत्रांवर जी टीका लिहिली तिचं नाव राजमार्तण्ड. अकराव्या शतकातला माणूस, स्वतःच्या ग्रंथाला ‘राजांमधला मेलेला अंडा’ असं नाव कशाला देईल? ‘राजांमधला सूर्य’, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. माळव्यात जन्मलेल्या मुलासाठी हा एक जास्तीचा पॉइंट धरायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू, कारण मी काही नावाचा सेल्समन नाही. नावातला अर्थ बिलकुल महत्त्वाचा नाही असं कुणी म्हणेल तर तेही खोटं. साताऱ्यात 2011 साली जिल्ह्यातल्या ‘नकोशी’, ‘नकुसा’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली होती. तिथे अर्थ जिवंत होता, हाक मारली की मराठी येणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्या मुलीला स्वतःलाही, तो ऐकू यायचा. दगडू नावामागे माया होती, नकोशी नावामागे ती नव्हती, आणि दोन्ही रोज ऐकू यायचं. म्हणून माझी टेस्ट अशी की डिक्शनरी बाजूला ठेवा आणि विचारा, हे नाव मोठ्याने घेतलं तर आजूबाजूच्या माणसाच्या मनात पहिलं काय येतं? मार्तंड म्हटल्यावर मृत अंड कुणाच्याही मनात येत नाही. पण दोन दुसऱ्या गोष्टी येतात आणि त्या साइटवर लिहिलेल्या नसतात.

एक म्हणजे मराठी पेपरात ‘धर्ममार्तंड’ हा शब्द. मूळ ती मानाची पदवी, धर्मशास्त्रातला सूर्य, पण गेली कित्येक दशकं तो टोमणा म्हणूनच वापरला जातो, सनातनी धर्ममार्तंडांनी अमक्याला विरोध केला वगैरे. नुसत्या मार्तंडला हा वास लागत नाही, पण मुलगा मोठा होऊन वादविवाद करायला लागला की मित्र हा जोक करणार, नक्की करणार.

दुसरी गोष्ट जास्त इंदुरी. शाळेत हिंदी बोलणारी पोरं. मार्तंडचा ‘अंडा’ व्हायला दुसरीचा वर्गसुद्धा लागणार नाही. ‘अरे अंडे, इधर आ’. मला वाटतं आईबापाने खरी काळजी करायची असेल तर ऋग्वेदाची नाही, याची करावी. आता हेही खरं की पोरं कुठल्याही नावाचं काहीही करतात, आणि चिडवण्याला आयुष्य असतं तीन-चार वर्षांचं. पण माहीत असलेलं बरं. घरात आधीपासून एक छोटं नाव पक्कं करून टाकलं, मानू म्हणा, तंडू नका म्हणू, तर शाळेत तेच जातं.

बरं, आता पॉप्युलॅरिटी. तो दीड स्टार कुठून आला?

हे समजायला आधी बघा की ज्या देशांत खरे आकडे आहेत तिथे ते कुठून येतात. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, कार्डासाठी आलेल्या अर्जांवरून, आणि ती 1880 पासूनच्या जन्मांची आहे. एखादं नाव वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलं असेल तर ते यादीत छापत नाहीत, खाजगीपणा जपायला. इंग्लंड आणि वेल्सची यादी त्यांचं सांख्यिकी खातं काढतं, तिथे हीच मर्यादा तीनची. म्हणजे तिथला बाप म्हणू शकतो की गेल्या वर्षी या नावाची इतकी इतकी मुलं झाली, आकडा सरकारी.

आपल्याकडे जन्मनोंदणी आहे, 1969 च्या कायद्याने सक्तीची आहे, रजिस्ट्रार जनरलचं ऑफिस दरवर्षी किती जन्म नोंदले, मुलगे किती मुली किती, हे काढतंसुद्धा. पण नावांची यादी काढत नाही. भारतात मार्तंड नावाची किती मुलं जन्मली याचा सरकारी आकडा छापला जात नाही. मग साइटवरचे स्टार, टक्के, ‘भारतात 1,243 वा क्रमांक’ असलं काही दिसलं तर ते जन्माच्या नोंदींवरून आलेलं नसतं. ते त्या साइटवर किती लोकांनी ते पान उघडलं, किती जणांनी बदामावर बोट लावलं, नाहीतर सोशल मीडियाच्या प्रोफाइलवरून कुणीतरी गोळा केलेल्या ढिगावरून लावलेला अंदाज, असलं काहीतरी असतं. आणि पान उघडणारे कोण? ज्यांना नाव ठेवायचंय ते, ज्यांना नाव आवडलं नाही ते, आणि सुनेचा फोन आल्यावर शब्द चेक करणारे माझ्यासारखे काका. गूगल ट्रेंड्सचा ग्राफ दाखवून ‘हे नाव वाढतंय’ म्हणणारेही भेटतात, पण तो 0 ते 100 चा आकडा सर्चचा आहे, तोही सापेक्ष, 100 म्हणजे त्या काळातला सगळ्यात जास्त सर्च, बाळांची संख्या नव्हे. मार्तंड नावाच्या काश्मीरच्या देवळाची बातमी आली की ग्राफ वर जाणार आणि बाळ एकही जन्मलेलं नसणार.

मतदार यादी बघता येते म्हणणारेही आहेत, आणि ती बघता येते हे खरं, पण त्यात 18 च्या वरचेच. म्हणजे तिच्यातून कळतं की अठरा वर्षांपूर्वी आणि त्याआधी काय फॅशन होती, आज पाळण्यात काय चाललंय ते नाही.

आणि ‘रेअर’ म्हणजे किती रेअर हेही एकदा हिशोब करून बघा. भारतात वर्षाला ढोबळमानाने सव्वादोन ते अडीच कोटी बाळं जन्मतात. मुलगे धरा सव्वा कोटीच्या आसपास. समजा, निव्वळ समजा, लाखात एका मुलाचं नाव मार्तंड ठेवलं गेलं. तरीही वर्षाला सव्वाशे मार्तंड झाले. म्हणजे ‘युनिक’ हा शब्द आपल्या देशात जवळजवळ कशालाच लागू होत नाही, आणि दुसरीकडे ते सव्वाशे देशभर पसरले तर तुमच्या मुलाला कॉलेजपर्यंत दुसरा मार्तंड भेटणारसुद्धा नाही. दोन्ही एकाच वेळी. म्हणून देशाचा आकडा मिळाला असता तरी त्याचा तुम्हाला उपयोग थोडाच होता, तुम्हाला कळायला हवं ते हे की त्याच्या वर्गात, त्याच्या गल्लीत, नातेवाइकांच्या लग्नात दुसरा कुणी वळून बघेल का. इंदूरमध्ये नाही बघणार.

पण हे इंदूरचं झालं. नाव कुठे अनोळखी आणि कुठे ओळखीचं हे फार बदलतं. आपल्याच मध्यप्रदेशात विंध्याकडे जा, रीवाचे शेवटचे महाराजा मार्तंड सिंह, ज्यांनी 1951 मध्ये मोहन नावाचा पांढऱ्या वाघाचा बछडा पकडला, जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं मूळ त्या मोहनपाशी जातं. मुकुंदपूरची व्हाइट टायगर सफारी त्यांच्याच नावाची आहे. तिकडच्या माणसाला मार्तंड हे नाव ऐकून काही विचित्र वाटणार नाही. केरळात तर शाळेच्या पुस्तकातलं नाव, त्रावणकोरचा राजा मार्तंड वर्मा, राज्य 1729 ते 1758, कोळच्चलला 1741 मध्ये डच कंपनीचा पराभव केला आणि त्यांचा पकडलेला अधिकारी डी लॅनॉय याच्याकडूनच पुढे आपली फौज तयार करून घेतली. आणि वर काश्मीरात अनंतनागजवळ ललितादित्याने आठव्या शतकात बांधलेलं मार्तंड सूर्यमंदिर, आता भग्न आहे पण जे उभं आहे तेवढंही बघत राहावं असं, शेजारच्या गावाचं मट्टन हे नाव मार्तंडवरूनच आलेलं. एवढं काश्मीर ते केरळ पसरलेलं नाव, आणि रामबागेत लोक विचारतात, हे कुठून काढलं?

मग मराठी घरांतून ते मागे का पडलं? माझा अंदाज सांगतो. सूर्याच्या नावांना पिढ्यांची पाळी असते. दिनकर, भास्कर, प्रभाकर, दिवाकर हे आजोबांचे. रवी, अरुण हे काकांचे. आदित्य, मिहिर नंतरच्यांचे. आता चालतात ती नावं दोन-तीन अक्षरी, सगळी मऊ, आरव, विहान, अयान, रेयांश, जी मराठी, गुजराती, पंजाबी कुणाच्याही तोंडात बसतात आणि परदेशातही अडत नाहीत. मार्तंडमध्ये एक रफार, एक अनुस्वार आणि शेवटी ठणकन ‘ड’. हाक मारताना ते नाव जड आहे, खोटं कशाला बोला. पण आपल्या लोकांना जड नावं परत आवडायला लागलीत असंही मला दिसतं, माझ्या ओळखीतच हल्ली एक रुद्र, एक शिवांश आणि एक अगस्त्य झाला. अगस्त्य चालतो तर मार्तंड का नाही?

आजेसासूबाईंसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. पत्रिकेप्रमाणे अक्षर काढतात ते कसं, तर 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण 108 अक्षरं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण अंदाजे सहा तासांचा, जन्म ज्या चरणात त्याचं अक्षर बाळाचं. ‘मा’ हे अक्षर मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं, मघा म्हणजे सिंह रास, आणि सिंहेचा स्वामी कोण, तर सूर्य. सूर्याचं नाव सूर्याच्याच राशीत. बाळ मघेवर जन्मलेलं नसेल तरी काही बिघडत नाही, कारण या 108 मध्ये ङ, ञ, ण सुद्धा आहेत आणि ‘ञ’ वरून कुणाच्याही बापाला नाव सुचलेलं नाही, म्हणून रूढीनेच नक्षत्रनाम वेगळं आणि व्यवहारनाम वेगळं अशी सोय ठेवलीय. शास्त्रात तर चार नावं आहेत, कुलदेवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. घरात अगदीच दोन तट पडले तर हा मार्ग चांगला आहे, खंडोबाच्या घरी मार्तंड हे कुलदेवतानाम म्हणून ताटातल्या तांदळावर लिहा आणि शाळेसाठी दुसरं ठेवा. मला स्वतःला हे थोडं पळवाटीसारखं वाटतं, आवडलं असेल तर सरळ ठेवावं, पण बारशाच्या दिवशी घरात भांडण नको हेही मला मान्य आहे, आत्याच्या पाठीवर धपाटे पडतात तेवढे पुरेत.

घाई मात्र करू नका, कारण बऱ्याच जणांना वाटतं की डिस्चार्ज व्हायच्या आत नाव दिलंच पाहिजे. तसं नाहीये. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो, पण नोंद नावाशिवायही होते. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव फुकट चढवता येतं, आणि त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून. उलट एकदा चढलेलं नाव बदलणं हे किचकट काम, आणि 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा तर जन्माचा दाखला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे लागणार आहे, म्हणून जे चढवाल ते नीट बघून.

स्पेलिंगचंही तसंच. एम-ए-आर-टी-ए-एन-डी असं लिहिलं की हिंदीभाषक बरोबर वाचेल, पण बंगळूरच्या किंवा बाहेरच्या माणसाला तो ‘टी’ त आहे की ट हे कळत नाही आणि तो ‘मार्टंड’ म्हणतो. टी-एच लिहावं तर दक्षिणेत बरोबर वाचतील, केरळात तसंच लिहितात, पण इथे इंदूरमध्ये कुणीतरी ‘मार्थंड’ करणार. दोन्हीकडे थोडं नुकसान आहे. मुलगा इथेच वाढणार म्हणून मी साधा टी ठेवा असं सांगितलं. फक्त हॉस्पिटलचा फॉर्म, जन्माचा दाखला आणि आधार या तिन्हीवर एकच स्पेलिंग जाऊ दे, आणि हिंदी रकान्यात मार्तंड की मार्तण्ड ते खिडकीवरच्या माणसावर सोडू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या.